तक्रार नसलेला माणूस

रिपोर्ट चांगला आला आणि घरात भांडणाला सुरुवात झाली.

वाईट रिपोर्ट आला होता तेव्हा या घरात कोणी कोणाशी भांडलं नव्हतं. त्या दिवसांत सगळे एकमेकांना इतकं जपत होते, की दोघं दारात समोरासमोर आले तर 'आधी तू, आधी तू' करता करता चहा गार व्हायचा. आता नानांच्या फुप्फुसातली गाठ आक्रसली होती. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून ती दाखवली होती आणि 'गोळी छान काम करतेय' असं स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे माणसांना पुन्हा माणसांसारखं वागायची मोकळीक मिळाली, आणि शनिवारी सकाळी सगळं घर एकत्र जमून त्या मोकळिकीचा लाभ घेऊ लागलं.

भांडण श्रेयाचं होतं. गाठ कोणामुळे आक्रसली, हा प्रश्न होता. गोळीमुळे, असं कोणीच म्हणत नव्हतं.

"ही डबी मी आणली म्हणून नानांची एकही गोळी चुकली नाही," धाकटी म्हणाली. नानांची ही मुलगी दुसऱ्या गावी बँकेत अधिकारी होती आणि रजा काढून आली होती. तिने आणलेल्या प्लास्टिकच्या डबीला आठवड्याच्या वारांचे कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्याला वेगळ्या रंगाचं झाकण होतं. आली की ती पाकिटातल्या गोळ्या एकेक फोडून कप्प्यांत टाकत असे. ती नसली की हेच काम तिचा थोरला भाऊ तिच्या देखरेखीखाली, फोन भिंतीला टेकवून करत असे.

"पाकिटावर लिहिलंय, गोळी पाकिटातच ठेवा," सून म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि बारीक अक्षरातलं वाचायची तिला सवय होती.

"पाकिटावर काहीही लिहितात, वहिनी. आमची बँक काय काय लिहिते ते मला विचार."

"डबी राहू दे बाजूला," थोरला म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत घंटा वाजली पाहिजे असं त्याचं मत होतं. "गजर मी लावलाय. तीन फोनवर. एक चुकला तर दुसरा."

"गजर कशाला, मी मेले आहे का?" अक्का म्हणाल्या. नानांची ही मोठी बहीण मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून निवृत्त झाली होती, पण ते त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. "अख्खं वसतिगृह मी नुसतं खाकरून उठवलंय. ही म्हणते ते बरोबर आहे. डबी बरी. गजर नको."

सुनेने मान वर करून पाहिलं. मागे जिन्यातल्या दिव्यावरून एवढं रामायण झालं तेव्हा अक्का तिच्या बाजूला होत्या. आज त्या गजराच्या विरोधात असल्यामुळे डबीच्या बाजूला जाऊन बसल्या. या घरात बाजू म्हणजे बसमधली जागा होती. एक उठला की तिथे दुसरा बसायचा, आणि मग पहिला म्हणायचा की मी रुमाल टाकला होता.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या नानांना मात्र काही म्हणायचं नव्हतं. नानांना कधीच काही म्हणायचं नसे. शहराच्या बस कंपनीत त्यांनी सगळी नोकरी एकाच खिडकीमागे काढली होती, आणि त्या खिडकीवर पाटी होती : 'तक्रारी येथे स्वीकारल्या जातील.' पुढे काय होईल याबद्दल पाटी गप्प होती, आणि नानाही. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकून स्वतः तक्रार करण्याची त्यांची ताकदच आटून गेली होती. नानी होत्या तेव्हा एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. नानांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज जरा वेगळा झालाय."

"आलोच," नाना आता म्हणाले, आणि भिंतीला हात लावत न्हाणीघराकडे गेले.

"परत?" धाकटी म्हणाली.

"म्हातारपणी जावं लागतं," अक्का म्हणाल्या. "त्यात काय."

आत जाऊन कडी लावल्यावर नाना थोडा वेळ नुसते दाराला टेकून उभे राहिले. पोट आठवडाभर असंच होतं. पाणी प्यावं की लगेच बाहेर. आरशात पाहिलं तर नाकावर आणि गालांवर पुळ्यांचं पीक आलेलं. कॉलेजात असताना ज्यांनी हुलकावणी दिली होती त्या सगळ्या आत्ता पत्ता शोधत आल्या होत्या. अंगठ्याच्या नखाची कड सुजून लाल झाली होती, आणि सदऱ्याचं बटण लावणं म्हणजे एक समारंभ झाला होता. नानांनी खिशातून अक्कांच्या पावडरीचा छोटा डबा काढला, पुळ्यांवर सावकाश पावडर थापली आणि रंगमंचावर जाणाऱ्या माणसासारखं स्वतःकडे एकदा पाहून घेतलं.

हे सगळं गोळीमुळे होतंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवशीच डॉक्टरांनी आणि तिथल्या सिस्टरनी समजावून सांगितलं होतं : अंगावर पुरळ येईल, पोट बिघडेल, काहीही झालं तरी लगेच कळवा. फोन नंबर असलेलं कार्ड फ्रिजवर लावलेलं होतं. नाना रोज त्याच्यासमोरून जात आणि शेजाऱ्याला करावी तशी त्याला ओळखीची मान डोलावत.

कळवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याला अनुभवाचा आधार होता. टेकडीमागच्या वस्तीला जाणारी एक बस होती. ती रोज उशिरा यायची. वस्तीतल्या लोकांनी खिडकीवर येऊन तक्रार केली. नानांनी ती स्वीकारली. कंपनीने समिती नेमली, समितीने अभ्यास केला, आणि बस बंद केली. त्यानंतर ती कधीही उशिरा आली नाही. नानांनी असं पुन्हा पुन्हा होताना पाहिलं होतं. तक्रार केली की सेवा सुधारत नाही, संपते. आणि ही गोळी संपणं नानांना परवडणारं नव्हतं. जिच्या जोरावर या छातीत श्वास अजून चालू होता, जिच्यामुळे ते दम न लागता जिना चढत होते, रात्री आडवं होऊन झोपत होते, तिच्याविरुद्ध खिडकीवर जायचं? पोट बिघडतं म्हणून? जिने जीव राखला तिचा एवढासा त्रास सोसता येत नसेल तर माणसाने उपकार घेऊच नयेत.

ते बाहेर आले तेव्हा भांडण थांबलं होतं, कारण केक आला होता. जेवण गोळीनंतर, गोळी दुपारी, रिकाम्या पोटी. केक जेवणानंतर. तोवर त्याच्याकडे बघायचं होतं.

"नाना, दोन शब्द बोला," थोरला म्हणाला.

"मी?"

"मग काय गाठ बोलणार?"

"दादा," धाकटी म्हणाली, पण हसली.

नाना खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उठले. त्यांनी घसा साफ केला.

"मी काय बोलू. मला काही तक्रार नाही." इथे थांबून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मागच्या वर्षी मी या खुर्चीतून उठून दारापर्यंत गेलो की श्वास मागे राहायचा. त्याची वाट बघत उभा राहायचो. आता तो माझ्या बरोबरच चालतो. तुम्ही सगळ्यांनी केलं ते केलंच. पण मी रोज ती गोळी हातात घेतो तेव्हा मनात तिला म्हणतो, बाई, तुझे उपकार…"

पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. नेहमीचाच शब्द होता, पण तो खोलीतून निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग खोलीही निघाली. केक तिरका झाला. थोरल्याने लिफ्टचा दरवाजा धरावा तसं दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि खुर्चीत बसवलं. चष्मा घसरून सुनेच्या पायाशी पडला.

"पाणी द्या."

"पाय वर करा."

"खिडकी उघडा."

"उघडीच आहे."

सून चष्मा उचलून नानांच्या समोर गुडघ्यांवर बसली. दुकानात ती गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यासमोर जशी बसत असे, तशीच. दांड्या कानांवर टेकवायला तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. नाकाच्या दोन्ही बाजूंना, जिथे चष्म्याच्या गाद्या टेकतात तिथे, कातडी सोलून ओली झाली होती. भोवती पावडरीचा लेप होता. तिने बोटाच्या टोकाने गालावरची पावडर पुसली.

"नाना, हे काय आहे?"

"पावडर."

"पावडरीखाली."

"गाल."

"नाना."

नानांनी नजर केककडे वळवली.

"कधीपासून आहे हे? आणि सकाळपासून किती वेळा आत गेलात?"

"मोजायचं काय त्यात."

"ही माझी पावडर आहे," अक्का म्हणाल्या. सगळं बाजूला राहिलं आणि त्यांना आधी हेच दिसलं. "मी म्हणते रोज डबा हलका कसा लागतो."

"अक्का, पावडरीचं मागाहून बघू," थोरला म्हणाला. "नाना, पोट बिघडलंय का?"

"जरासं."

"जरासं म्हणजे?"

"आठवडाभर," नाना म्हणाले. "आणि छातीत थोडं जळजळायचं. पण ते अक्काच्या कॅप्सूलने थांबलंय."



"कुठली कॅप्सूल?" धाकटी म्हणाली.

"माझी," अक्का म्हणाल्या. "सकाळची. अॅसिडची. मला डॉक्टरांनी दिली आहे, चांगली महागाची आहे. याची जळजळ बघवेना म्हणून मी माझ्यातली याला देतेय. त्यात विष नाहीये."

"अक्का, तुम्ही दुसऱ्याचं औषध नानांना दिलंत? न विचारता?"

"दुसऱ्याचं कसलं? बहिणीचं."

"ही गोळी चालू असताना डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारून घ्या म्हणून सांगितलंय. मी फोनवर किती वेळा बजावलं होतं."

"फोनवर तू पुष्कळ बजावतेस, बाळ," अक्का शांतपणे म्हणाल्या. "रात्री याच्या पाठीवरून हात मी फिरवते."

धाकटीचे डोळे भरून आले. थोरला लगेच बहिणीच्या बाजूला झाला. "अक्का, हे तुमचं बरोबर नाही." मग त्याला आठवलं की डबी तो भरत होता आणि नानांच्या गालांकडे त्यानेही कधी नीट बघितलं नव्हतं, म्हणून तो अर्धा अक्कांच्या बाजूला झाला. "म्हणजे त्यांनी मायेनेच दिली असणार." दोन्हीकडून कोणीच त्याला धन्यवाद दिले नाहीत.

"तुम्ही सगळे जरा स्वयंपाकघरात जा," सून म्हणाली. "मला नानांच्या चष्म्याचं माप घ्यायचंय."

माप घ्यायचं नव्हतं हे सगळ्यांना कळलं, आणि सगळे गेले. जाताना अक्कांनी नानांच्या खिशातून पडलेला पावडरीचा डबा उचलला, मग तो परत नानांच्या शेजारी ठेवला.

"सांगितलं का नाहीत?" सुनेने विचारलं.

नाना म्हणाले, "सांगितलं की बंद करतील."

"कोण?"

"डॉक्टर. म्हणतील, तुम्हाला झेपत नाही. गोळी बंद. बाई, ती बंद झाली की माझं काय आहे? तुला टेकडीमागच्या बसची गोष्ट सांगितली आहे मी."

"पुष्कळ वेळा."

"मग?"

सुनेने चष्मा हातात फिरवला. "आमच्या दुकानात एक गृहस्थ येतात. फ्रेम नाकाला टोचते, पण बोलत नाहीत. आम्ही विचारलं, ठीक बसतोय ना, की म्हणणार, उत्तम. घरी जाऊन चष्मा खणात ठेवतात. आम्हाला वाटतं, गिऱ्हाईक खूश आहे. एकदा ते दुकानाच्या काचेवर आपटले तेव्हा कळलं."

"पण चष्मा कोणी काढून घेतला नाही ना त्यांचा?"

"गाद्या बदलल्या. आता लावतात." तिने आवाज खाली आणला. "नाना, तुम्ही गोळी घेताय. पण अक्कांची कॅप्सूल पोटातलं अॅसिड मारते. उद्या डॉक्टर म्हणाल्या की अॅसिड नसेल तर ही गोळी अंगात नीट उतरतच नाही, तर? आणि जे उतरतं ते पोटातून असं वाहून चाललंय. तुम्ही ती रोज घेताय हे आपल्याला ठाऊक आहे. ती पोचते की नाही हे कोणाला ठाऊक आहे?"

नानांनी पावडरीचा डबा हातात घेतला आणि त्याचं झाकण नुसतं फिरवलं.

"डेपोपासून कालव्याच्या पुलापर्यंत एक मार्ग होता," ते हळूच म्हणाले.

"ही गोष्ट मी ऐकलेली नाही."

"मी कोणाला सांगत नाही. त्या मार्गाची एक तक्रार कधी आली नाही. वर्षानुवर्षं. इतर मार्गांच्या फायली फुगलेल्या, आणि याची कोरी. म्हणून कंपनीने त्याला ढाल दिली. सर्वोत्तम मार्ग. हार घातले, फोटो काढले. मीच नाव सुचवलं होतं. आणि मग कोणीतरी म्हणालं, चला, या मार्गाने एक फेरी मारून येऊ. थांब्यावर उभे राहिलो. बस येईना. चौकशी केली तर ती केव्हाच बंद पडली होती. चालक दुसरीकडे, वाहक दुसरीकडे. लोक चालत जायला लागले होते. बस नाही म्हटल्यावर तक्रार कोण कसली करणार?"

सुनेने ओठ दाबून धरले, पण ते ऐकेनात. तिला हसू फुटलं. नानाही हसले, आणि हसता हसता त्यांचा अंगठा खुर्चीला लागला आणि ते कळवळले.

"फोन आण," ते म्हणाले.

फ्रिजवरच्या कार्डावरचा नंबर सुनेने लावला आणि फोन नानांच्याच हातात दिला. स्वयंपाकघरातले सगळे एकेक करून दारात येऊन उभे राहिले. स्पीकरवर पलीकडून बाईचा आवाज आला.

"नमस्कार. काय त्रास होतोय?"

नानांनी तोंड उघडलं. सवयीने त्यातून "विशेष काही नाही" निघत होतं. त्यांनी ते गिळलं.

"सिस्टर, एक तक्रार नोंदवायची होती."

"सांगा ना."

मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग खिडकीवर येणारी शहाणी माणसं सांगत तसं नीट, ओळीने. पोट. चक्कर. पुरळ. नख. जळजळ. अक्कांची कॅप्सूल, तिचं नाव अक्कांनी दारातून ओरडून सांगितलं. पलीकडची सिस्टर मध्ये मध्ये विचारत होती. ताप? नाही. खोकला नव्याने वाढला? दम लागतो? नाही, दम नाही. लघवी कमी झाली आहे? हो. आजची गोळी घेतली?

"अजून नाही. वेळ होत आलीय."

"मग आज घेऊ नका. मी डॉक्टरांशी बोलते. तुम्ही आत्ताच इकडे या, रक्त बघू आणि सलाईन लावावं लागेल. ती कॅप्सूलही आता घेऊ नका, येताना तिचं पाकीट घेऊन या. गोळ्यांचंही आणा."

"गोळ्या डबीत आहेत," धाकटी पुढे होऊन म्हणाली.

"कोणी काढल्या? हातमोजे न घालता? तसं करू नका. त्या पाकिटातच राहू द्या. पेशंटने स्वतःच्या हाताने काढून घ्यायच्या आणि हात धुवायचे. दुसऱ्या कोणी शक्यतो हात लावू नये, लावलाच तर हातमोजे घालून."

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही, ही तिची मोठी मेहेरबानी होती.

इतक्यात तीन फोन एकदम वाजायला लागले. रोज या वेळी सगळं घर नानांच्या भोवती गोळा व्हायचं, पाण्याचा पेला पुढे यायचा, आणि नाना गोळी गिळेपर्यंत कोणी श्वास सोडायचं नाही. आज तिन्ही गजर वाजत राहिले. कोणी हलेना. नानांची नजर डबीवर होती, शनिवारच्या निळ्या झाकणावर. थोरल्याने एकेक फोन घेऊन बंद केला.

"सिस्टर," नानांनी फोन तोंडाजवळ आणला, "बंद करणार का हो ती?"

"ते डॉक्टर बघून सांगतील. पण कळवलंत म्हणून बंद, असं आम्ही करत नाही. तुम्ही या तर."

हॉस्पिटलमध्ये त्यांना दिवसभराच्या रुग्णांच्या खोलीत, खिडकीच्या कडेचा पलंग मिळाला. हाताला सलाईन लागलं. पिशवी अर्धी झाली तसा नानांच्या चेहऱ्यावर रंग चढला, म्हणजे पुळ्यांच्या मधल्या जागेत. फोनवरची सिस्टर प्रत्यक्षात ठेंगणी आणि वेगात चालणारी निघाली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, अंगठा पाहिला, अक्कांच्या कॅप्सूलचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"ही कधी सुरू केलीत?"

"छातीचे फोटो काढले त्याच्या नंतर," नाना म्हणाले.

"नशीब. म्हणजे चांगला रिपोर्ट हिच्या आधीचा आहे. ही चालू ठेवली असती तर पुढचा कसा आला असता, मला सांगता येत नाही. तुमची गोळी पोटातल्या अॅसिडशिवाय नीट शोषली जात नाही."

अक्का पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. वसतिगृहाच्या अख्ख्या इमारतीला धाक घालणाऱ्या त्या बाईला एकाएकी पर्स कुठे ठेवायची ते कळेना.

"डॉक्टर, मी मायेने दिली हो."

"माझ्या घरी माझी आईही देते," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त यापुढे काहीही द्यायच्या आधी आम्हाला विचारा. काढे, पावडरी, शेजारणीचं औषध, सगळं. जळजळीला काय चालेल ते आम्ही सांगतो." मग त्या नानांकडे वळल्या. "गोळी थोडे दिवस थांबवायची. पोट सावरलं, रक्त ठीक आलं, की परत सुरू. गरज वाटली तर कमी ताकदीची. पुरळाला मलम देते, नखाला औषध, आणि पोट बिघडलं तर काय करायचं ते सिस्टर लिहून देतील. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत."

"थांबवायची," नानांनी तेवढाच शब्द धरला.

"थांबवायची. बंद नाही. आणि कमी ताकद म्हणजे कमी उपयोग असं समजू नका. पुष्कळ लोक त्याच डोसवर वर्षानुवर्षं छान राहतात."

"म्हणजे गाडी डेपोत आणायची, धुवायची, ब्रेक बघायचे, आणि परत मार्गावर."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "हो. असंच."

"बस कंपनीत याला आम्ही कधीच मान्यता दिली नाही," नाना म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. ते पुसायला सुईचा हात मोकळा नव्हता आणि दुसरा अक्कांनी धरून ठेवला होता.

धाकटीने पर्समधून रुमाल काढला. वहिनीने तो घेतला, नाकाच्या कडेची सोललेली कातडी चुकवून हलकेच पुसलं, आणि रुमाल तिला परत दिला. थोरला खिडकीतून बाहेर बघत होता. तो मान वळवेना म्हणून कोणी त्याला हाक मारली नाही.

"बरं, नाना," सिस्टर कागद घेऊन पलंगाशी येऊन बसली. "आता मला सगळं नीट सांगा. झोप कशी? जेवण कसं? काहीही राहू देऊ नका. काय काय तक्रार आहे?"

नानांनी डोळे उघडले. पलंगाभोवती सगळी उभी होती. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. या माणसांनी त्यांना वर्षभर हातांवर झेललं होतं, आणि त्या सगळ्यांचे उपकार त्यांच्या छातीत श्वासाइतके भरून होते.

"उशी फार उंच आहे," नाना म्हणाले.

"इथली?"

"घरची. मुलाने आणलीय. मान आखडते. आणि तो गजर. त्याला काही दुसरा सूर नाही का? रोज आग लागल्यासारखं वाटतं. डबीचे रंग मला दिसत नाहीत, निळा आणि जांभळा एकच वाटतो."

"नाना," धाकटी म्हणाली, "मग बोलला का नाहीत?"

"बोलतोय ना." ते सिस्टरकडे वळले. "सूप पातळ असतं. आणि अक्का चहात आलं फार घालते. आधीपासूनच. लहान होतो तेव्हापासून."

"तेव्हापासून?" अक्का म्हणाल्या. त्यांनी हात मात्र सोडला नाही. "आणि पितोस ते?"

"नाना, यातलं मी कागदावर काय काय घेऊ?" सिस्टरने हसू दाबत विचारलं. "औषधाशी याचा संबंध काय?"

"ते तुम्ही ठरवायचं," नाना म्हणाले. "माझं काम सांगायचं."

थोरला खिडकीतून वळला. त्याचे डोळे लाल होते आणि तो हसत होता. सिस्टरने पेन पुन्हा कागदाला टेकवलं.

"आणखी काही?"

"आहे ना," नाना म्हणाले, आणि बोलायला सोयीचं पडावं म्हणून पलंगावर जरा वर सरकून बसले.